उन्हाचा सेन्सर बिघडलाय की केबिनच्या तापमानाचा?

रात्री गाडीत २४ अंशांवर लावलेला एसी अगदी हवा तसा चालतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तोच आकडा, तोच ऑटो मोड. पण ऊन थेट मांडीवर येतंय, घाम निथळतोय आणि ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, मात्र संथ फिरतोय. अशा वेळी पहिलं निदान ठरलेलं असतं, ‘गॅस कमी झालाय.’ पण गॅस कमी असेल तर ऑटो मोडमधला ब्लोअर सहसा संथ होत नाही. ठरवलेलं तापमान येत नाही म्हणून तो उलट जोरात फिरत राहतो. दुसरं निदान म्हणजे ‘टेम्परेचर सेन्सर गेला.’ इथे खरा घोटाळा होतो, कारण क्लायमेट कंट्रोलला, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्रणेला, गाडीच्या आतली खबर देणारे सेन्सर दोन आहेत आणि दोघांची कामं अगदी वेगळी आहेत.

केबिनचा सेन्सर हवा किती गरम आहे ते सांगतो. तो थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. उन्हाचा सेन्सर तापमान मोजतच नाही. डॅशबोर्डवर, पुढच्या काचेच्या बुडाशी जो छोटा काळा घुमट दिसतो, त्याच्या आत फोटोडायोड असतो. त्याच्यावर जितकं ऊन पडेल तितका प्रवाह तो सोडतो. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. त्यातलं काचेतून आत आलेलं ऊन आधी अंग तापवतं, केबिनमधली हवा नंतर तापते. हवा २४ अंशांवर असूनही माणूस भाजत असतो, आणि थर्मिस्टरला त्याचा पत्ताच नसतो. ही उणीव भरून काढायला दुसरा सेन्सर लागतो.

म्हणून मल्टीमीटर हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: त्रास उन्हातच होतो की रात्रीही? रात्री आणि सावलीत सगळं व्यवस्थित, फक्त उन्हात गार होत नसेल, तर संशय उन्हाच्या सेन्सरवर. ढगाळ दिवशीही, रात्रीही, ठरवलेला आकडा आणि प्रत्यक्षातला गारवा यांचा मेळ बसत नसेल, तर केबिनच्या सेन्सरकडे वळायचं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. उन्हाच्या सेन्सरची वायर शॉर्ट झाली, तर एसी चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला रात्रीही कडक ऊन असल्याचा भास होऊ शकतो आणि कारण नसताना एसी जास्त गार करतो.

वायर तुटली तर गंमत वेगळीच असते. अंधारात फोटोडायोड जवळजवळ काहीच प्रवाह देत नाही. तुटलेली वायरही काही देत नाही. कंट्रोल युनिटच्या बाजूने पाहिलं तर रात्र आणि तुटलेली वायर सारखीच! बंद गॅरेजमध्ये स्कॅनर, म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावल्यावर चांगल्या सेन्सरचाही कोड येऊ शकतो तो यामुळेच. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत दिसणारा ‘बी१४२१’ हा सोलर सेन्सर सर्किटचा कोड याचं नेहमीचं उदाहरण आहे. अंधाऱ्या जागी तपासणी केली तर तो उमटू शकतो, असं त्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच म्हटलेलं आहे. या कोडवर विश्वास ठेवून चांगले सेन्सर बदलले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाडी उन्हात काढा, कोड पुसा, पुन्हा तपासा. एवढंच करायचं असतं.

उन्हात काढणं शक्य नसेल तर दिवा धरायचा, पण कुठलाही नाही. हा सेन्सर इन्फ्रारेड किरणांना चांगला प्रतिसाद देतो आणि एलईडी टॉर्चच्या प्रकाशात ते नसल्यातच जमा. टॉर्च मारून ‘सेन्सर मेला’ म्हणणं म्हणजे न केलेल्या तपासणीचा निकाल देणं. तारेचा जुना ६० वॅटचा बल्ब सेन्सरपासून ३० सेंटिमीटरच्या आत धरा आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आकडा बघा. मग घुमटावर काळं कापड टाका. आकडा चढला आणि उतरला तर सेन्सर आणि वायरिंग दोन्ही ठीक. ब्लोअरकडे बघून निकाल देऊ नका. झाडाच्या प्रत्येक सावलीगणिक हवा कमीजास्त होऊ नये म्हणून कंट्रोल युनिट मुद्दाम सावकाश वागतं. आणि सगळ्यात आधी घुमटावर पार्किंगची पावती, डॅशबोर्डचं कापड किंवा मोबाइल होल्डर तर आलेला नाही ना, ते बघा.

केबिनच्या सेन्सरची तऱ्हा वेगळी. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डवर एका छोट्या जाळीमागे असतो आणि केबिनची हवा त्याच्यावरून सतत ओढली जाते, कधी बारक्या पंख्याने, कधी एसीच्या खोक्याला जोडलेल्या नळीने. ती नळी निसटली किंवा जाळी धुळीने बुजली, की सेन्सर डॅशबोर्डच्या पोटातली कोंडलेली हवा मोजत बसतो. थर्मिस्टर ठणठणीत, कोड एकही नाही, तरी एसी भलतंच वागतो. टिश्यू पेपरचा एक पदर सुटा करा, टिकलीएवढा तुकडा फाडा, ब्लोअर चालू ठेवून जाळीला लावा. तुकडा चिकटून राहिला तर ओढ आहे. गळून पडला तर आधी नळी आणि पंखा बघा.

काही गाड्यांत त्या काळ्या घुमटात ऑटो हेडलाइटचा प्रकाश सेन्सरही असतो. दिवसाउजेडी हेडलाइट लागत असतील आणि दुपारी एसीही मंद पडत असेल, तर दोन्ही एकदम बिघडले असं समजू नका. घुमट झाकला गेलाय का आणि कनेक्टर सैल आहे का ते तपासा. सेन्सर बदलायचाच असेल, तर दुकानात घुमटाच्या आकारावरून जुळवू नका. ड्युअल झोनच्या, म्हणजे दोन बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणाऱ्या, गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूच्या उन्हासाठी आत दोन फोटोडायोड असू शकतात. एका फोटोडायोडचा आणि दोन फोटोडायोडचा घुमट बाहेरून सारखाच दिसू शकतो, त्यामुळे कनेक्टरच्या पिना मोजा आणि पार्ट नंबर जुळवूनच घ्या.