बहिणीची सही

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, कळवण, मालेगाव या पट्ट्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोका, खापराची पुरणपोळी, आमरस. दोन दिवस असे गेले की भाऊ सहज म्हणतो, "आलीच आहेस तर उद्या तालुक्याला जाऊन येऊ, एक सही राहिलीये." कशावर सही, हे बहुतेकींना ठाऊक असतं. विचारत कुणी नाही.

मी कॉलेजात असताना आत्याबरोबर असंच दुय्यम निबंधक कार्यालयात गेले होते. हक्कसोडपत्र म्हणजे माहेरच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद. त्यातलं वाक्य अजून पाठ आहे: "राजीखुशीने, समजून उमजून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून देते." यंत्र तिचा अंगठा घेईना. उभा जन्म कांद्याची पात कापून रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. तिने अंगठा तीनदा पदराला पुसला, चौथ्यांदा उमटला. परत येताना माझ्या वडिलांनी, म्हणजे तिच्या भावाने, तिला साडी घेतली. दोन एकरांचा हिस्सा, २०० रुपयांचा मुद्रांक आणि एक साडी. कुणी वाईट वागलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. म्हणून तर आजवर यावर आमच्या घरात बोलणं झालेलं नाही.

या सहीमागचा इतिहास बराच लांबचा आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. ती तो मनाप्रमाणे विकू शकत नव्हती. मुलींना त्यात काहीच नव्हतं. पुढे हिंदू कोड बिलात डॉ. आंबेडकरांनी मुलग्यांची जन्मसिद्ध सहदायादकीच, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मिळणारा हिस्साच, मोडीत काढायचं मांडलं होतं. बिल रखडवलं गेलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५६ चा वारसा कायदा आला तो तडजोड होऊन. विधवेची मालकी पूर्ण झाली, हे मोठंच पाऊल. पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क मुलग्यांचाच राहिला. साधं गणित बघा. आई हयात नाही, एक भाऊ, एक बहीण, चार एकर वडिलोपार्जित जमीन. आधी बाप-लेकात निम्मी-निम्मी वाटणी धरायची, मग बापाचे दोन एकर दोन्ही मुलांत वाटायचे. भावाला तीन, बहिणीला एक.

तो एक एकरही कागदावर फारसा दिसत नसे. बाप गेला की थोरल्या भावाचं नाव लागायचं, पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावं लागलीच तर 'इतर हक्क' या सदरात, विहिरीच्या हिश्शाच्या आणि सोसायटीच्या बोज्याच्या शेजारी.

आता चांदवड. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, रेणुकामातेचं, अहिल्याबाईंच्या रंगमहालाचं गाव. १९८० च्या कांदा-उसाच्या आंदोलनात नाशिकच्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, तुरुंगातही गेल्या होत्या. पण कांद्याला भाव मिळाला तर त्यातलं बाईच्या हाती काय, हा प्रश्न त्या आंदोलनात नव्हता. तो नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात आला. लाखभर बायका जमल्या. बहुतेक जणी भाकरी बांधून, घरच्यांची समजूत काढून आलेल्या, आणि कित्येकींचा नवऱ्याशिवाय केलेला तो पहिलाच प्रवास. शहरातल्या स्त्री-चळवळीचा भर तेव्हा हुंडाबळी आणि बलात्काराच्या कायद्यावर होता. इथे निंदणीवाल्या, काढणीवाल्या बाया मालमत्तेचा विषय काढत होत्या. मराठी स्त्रीवादाचा इतिहास सांगताना पुण्या-मुंबईवर पानंच्या पानं जातात आणि चांदवडला एक परिच्छेद मिळतो. मला ते खटकतं.

त्यातूनच पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांची लक्ष्मीमुक्ती मोहीम निघाली. नवऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावे करून द्यायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी तो करून दाखवला. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. ही तरतूद आजही आहे. तलाठ्याकडे विचारून बघा, अर्ज किती येतात ते. कारण सगळी मेख 'नवऱ्याने अर्ज केला तर' यात आहे. बाईच्या कष्टाचं मोल मान्य झालं, पण ते द्यायचं की नाही हे नवऱ्याच्या मर्जीवर राहिलं.

कायदा मात्र दुसऱ्याच वाटेने गेला. त्याने बायकोकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच घरात धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाची अट गेली. तरी वाद राहिलाच: त्या तारखेला बाप जिवंत हवा का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय हो म्हणालं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांनी ते फिरवलं. हक्क जन्माने येतो, बापाच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. शिवाय 'आमची तोंडी वाटणी कधीच झालीय' हा भावांचा हुकमी पत्ताही सहजासहजी चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

नेमक्या याच काळात इथल्या जमिनीचा भाव बदलला. नाशिकच्या आसपास शेताचे प्लॉट पडले. सिन्नर-इगतपुरीतून समृद्धी महामार्गासाठी थेट खरेदीखतं झाली. खरेदीखताला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, तेव्हा वीस-वीस वर्षं आठवण न झालेल्या बहिणींना फोन गेले. काहींनी हिस्सा मागितला. मग गावात बोललं जाऊ लागलं: "बहिणी पैशाला हपापल्या." हिस्सा मागणाऱ्या भावाला असं कुणी म्हणत नाही, तो हिस्सेदारच असतो. तिला मात्र भाऊबीज, आजारपणात टेकायची जागा, पोरीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहणारा माणूस, हे सगळं पणाला लावून मागावं लागतं. सरकार महिन्याला १५०० रुपये देऊन लाडकी म्हणतं, तीच बहीण सातबारा काढायला गेली की नावडती होते.

आणि हिस्सा मागायला आलेली नणंद सगळ्यात आधी भिडते ती भावजयीला. "तीस वर्षं राबलो आम्ही, आणि ह्या आयत्या आल्या," हे माझ्या आईचंच वाक्य आहे. ते खोटं नाही. द्राक्षाची विरळणी, घड औषधात बुडवणं, कांद्याची लागण, सगळं तिच्या हातचं. पण ज्या जमिनीसाठी ती वन्संशी भांडायला तयार होती, तिच्यावर तिचं नाव कुठे आहे? नवरा जिवंत असेपर्यंत वडिलोपार्जित जमिनीत बायकोला वाटणी मागता येत नाही. बाप-लेकांनी वाटणी केली तर तिला हिस्सा मिळतो, पण ती करायची की नाही हे तिच्या हाती नसतं. चांदवडला राबणारीचा हक्क मांडला गेला, दिल्लीच्या कायद्यात घरात जन्मलेल्या लेकीचा मान्य झाला. दोन्ही एकत्र कधी आलेच नाहीत. म्हणून बांधावर दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि सातबाऱ्यावर पुरुषाचंच नाव असतं. देशातल्या वहिवाटदारांपैकी बायका शंभरात चौदाच्या आसपास आहेत, ही २०१५-१६ च्या कृषिगणनेची आकडेवारी.

नाशिकच्या पश्चिम भागातली बरीच कुटुंबं तर या कायद्याच्या बाहेरच आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासी बायकांना हिंदू वारसा कायदा लागू नाही. तिथे रूढी चालते. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला समान वाटा द्यावा. आदेश एका कुटुंबापुरता, पण धागा महत्त्वाचा आहे.

गंमत अशी की याच डोंगरात बायकोचं नाव न मागता लागतं. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे वनजमीन कसणाऱ्या विवाहितांचा पट्टा नवरा-बायकोच्या संयुक्त नावे द्यावा लागतो. तो मिळावा म्हणून मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्यांत बायका किती होत्या, ते सोललेल्या तळव्यांच्या फोटोंतून सगळ्यांनी पाहिलं. इथे माहेर तुटायची भीती नव्हती, कारण जमीन भावाकडून नाही, सरकारकडून मागायची होती. २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. त्यातली एक मागणी होती: कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरात लावा. तोवर ती लागत होती 'इतर हक्कां'त.