एका तंतूचे चौसष्ट वाटेकरी

इमारतीच्या जिन्यात, विजेच्या मीटरांच्या शेजारी, फायबर कंपनीची एक लहानशी पेटी ठोकलेली असते. तिच्यात काचेचा एक तंतू शिरतो आणि आठ किंवा सोळा तंतू बाहेर पडून घराघरांत जातात. आत वीज नसते की चिप नसते. प्रकाशाचे सारखे भाग पाडणारा स्प्लिटर तेवढा असतो. असे एकदोन टप्पे मिळून एका मूळ तंतूवर बहुधा बत्तीस किंवा चौसष्ट घरे बसवली जातात. आपल्याकडे सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत त्या तंतूची क्षमता घरांकडे येताना सेकंदाला २.४८८ गिगाबिट आणि घरांकडून जाताना १.२४४ गिगाबिट एवढी असते. चौसष्ट घरांत ती सारखी वाटली, तर डाउनलोडसाठी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३९ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पडतात. प्लॅन मात्र प्रत्येकाने १०० एमबीपीएसचा घेतलेला असतो.

ही फसवणूक वाटते, पण ती तशी नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही जितके ग्राहक तितक्या बाहेरच्या लाइन कधीच नव्हत्या, आणि थोड्या लाइन पुष्कळांना कशा पुरतात याचे गणित कोपनहेगनचे गणिती ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्येच मांडायला घेतले होते. ट्रायनेही, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकानेही, २००९ मधील मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास हे प्रमाण, म्हणजे एकाच्या क्षमतेत पन्नास ग्राहक, चालवून घेतले होते. चौसष्टही घरांत एकाच वेळी टीव्हीवर प्रत्येकी ५ एमबीपीएसचा चित्रपट सुरू असला, तरी बेरीज ३२० एमबीपीएस होते, म्हणजे तंतूचा साधारण आठवा हिस्सा. खरा प्रश्न उभा राहतो तो कुठेतरी मागणी क्षमतेपेक्षा जास्त होते त्या काही मिनिटांपुरता: त्या वेळी कोणाला किती द्यायचे आणि ते कोणी ठरवायचे?

तंतूपुरते उत्तर सोपे आहे, कारण तिथे एक मुकादम असतो. दोन घरांनी एकाच क्षणी प्रकाश पाठवला तर तो स्प्लिटरमध्ये एकमेकांत मिसळून वाया जाईल, म्हणून एक्स्चेंजमधील यंत्र प्रत्येक घराला बोलण्याची वेळ नेमून देते. ही वाटणी १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटींत चालते. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे कोणते घर किती लांब आहे हे मोजून त्याप्रमाणे वेळ मागेपुढे सरकवावी लागते. घरातील डबा आपल्याकडे किती माल साचला आहे हे कळवत राहतो. ज्याच्याकडे काही नाही त्याची वेळ दुसऱ्याला मिळते, आणि कितीही गर्दी असली तरी एखाद्यासाठी राखून ठेवलेला किमान हिस्सा कोणी उचलू शकत नाही.

एक्स्चेंजच्या पलीकडे मात्र असा मुकादम नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर होते अवघे चारशे यार्ड. लाइन तुटलेली नव्हती. उलट ती काठोकाठ भरलेली होती. इंटरनेटवर माहिती लहान तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी, जाते; रांगेत अडकलेले पॅकेट हरवले असे समजून प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवत होता, त्यामुळे रांग आणखी वाढत होती आणि उपयोगी माल जवळजवळ पोहोचतच नव्हता. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्यासह १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही टीसीपीच्या, म्हणजे दोन संगणकांमध्ये पॅकेट नीट पोहोचवणाऱ्या नियमावलीच्या, मुळाशी आहे: पॅकेट गहाळ होणे ही गर्दीची खूण समजावी आणि पाठवणाऱ्याने आपला वेग निम्म्यावर आणावा, सुरळीत चालले असेल तर तो थोडाथोडा वाढवत जावा.

या साध्या शिस्तीतून समान वाटणी कशी निपजते, हे आकडे मांडून पाहण्यासारखे आहे. १० एमबीपीएसच्या लाइनवर एकाकडे ८ आणि दुसऱ्याकडे २ आहेत असे समजू. लाइन भरली की दोघेही निम्मे होतात: ४ आणि १. मोकळे झालेले ५ दोघे सारख्याच चालीने चढत भरतात: ६.५ आणि ३.५. पुन्हा निम्मे होऊन पुन्हा चढले की ५.७५ आणि ४.२५. निम्मे करताना मोठ्याचे जास्त जाते आणि चढताना दोघांना सारखे मिळते, म्हणून प्रत्येक फेरीत तफावत अर्धी होते. दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. हे गणित दाह-मिंग चिऊ आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये सिद्ध करून दाखवले. इंटरनेटच्या शास्त्रात इतके देखणे काही मला तरी दुसरे माहीत नाही.

पण त्यात एक पळवाट आहे. सारखे वाटे होतात ते जोडण्यांचे, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्या संगणकाशी उघडतो त्या टीसीपी संवादांचे, माणसांचे नव्हेत. तुमच्या प्रोग्रामने एक जोडणी उघडली आणि शेजाऱ्याच्या प्रोग्रामने नऊ, तर १० एमबीपीएसपैकी तुम्हाला १ मिळेल आणि शेजाऱ्याला ९, तेही दोघांनी शिस्त तंतोतंत पाळून. बिटटॉरेंटसारखे फायलींची देवाणघेवाण करणारे प्रोग्राम एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात. अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी २००७ मध्ये अशा जोडण्या खोटे निरोप घुसवून तोडत असल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि तेथील दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये कंपनीला ही पद्धत बंद करायला सांगितले. पुढे न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पण तोवर कंपनीने आपली पद्धत बदललेली होती. कोणता प्रोग्राम चालू आहे हे पाहायचेच नाही, असे नव्या पद्धतीत ठरले. वस्तीतील सामाईक लाइन सलग पंधरा मिनिटे गर्दीच्या उंबरठ्यावर असेल, तरच त्या पंधरा मिनिटांत आपल्या प्लॅनच्या सत्तर टक्क्यांहून अधिक वेग सतत ओढणाऱ्या ग्राहकाला काही काळ रांगेत मागे उभे करायचे.

ठरलेला डेटा संपला की वेग कमी करणाऱ्या आपल्याकडच्या फेअर यूसेज पॉलिसीशी याची तुलना करून पाहावी. ती महिन्याभराचे जीबी मोजते. पहाटे तीन वाजता, लाइन ओस पडलेली असताना शंभर जीबी उतरवणारा कोणाच्याही वाट्यातले काही घेत नाही, तरी त्याने महिन्याची मर्यादा ओलांडली की त्याचा वेग कापला जातो. रोज रात्री नऊच्या ऐन गर्दीत थोडेथोडे ओढणारा मात्र महिनाअखेर मर्यादेच्या आत राहतो. नावात ‘फेअर’ असले तरी हे दरपत्रक आहे, वाटपाची पद्धत नव्हे.

वाटप करायचे तर ते जिथे रांग लागते तिथेच व्हायला हवे, हा विचार जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये मांडला: राउटरने प्रत्येक वाटेकऱ्याची रांग वेगळी ठेवावी आणि पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे. कालव्याच्या पाण्याची शेजपाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील अडचण लगेच कळेल, कारण पाळी सारखी म्हणजे पाणी सारखे असे होत नाही. मोठी पॅकेट पाठवणारा प्रत्येक पाळीत जास्त नेतो. १९८९ मध्ये डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी बिटांच्या हिशेबाने वाटणी करण्याची रीत दिली, आणि १९९५ मध्ये श्रीधर आणि वर्गीस यांनी ती दुकानदाराच्या खतावणीइतकी सोपी केली. दर पाळीला प्रत्येक रांगेच्या खात्यात ५०० बाइट जमा करायचे. पुढचे पॅकेट १२०० बाइटांचे असेल तर ते दोन पाळ्या थांबते, तिसऱ्या पाळीला १५०० जमले की सुटते आणि उरलेले ३०० पुढे ओढले जातात. रांग रिकामी झाली की शिल्लक बुडाली; रिकामे बसून पुंजी साठवता येत नाही.

वेगाइतकाच वेळही वाटावा लागतो, हे मला घरातच उमगले. माझ्या जुन्या जोडणीचा अपलोड २ एमबीपीएस होता. फोन लग्नाचे व्हिडिओ परस्पर क्लाउडवर चढवू लागला, की त्याच वेळी चाललेल्या व्हिडिओ कॉलवर पलीकडचे आप्त ‘ऐकू येत नाही’ म्हणत. १५०० बाइटांचे एक पॅकेट त्या वेगाने बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात. डब्याच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेट थांबवून ठेवण्याच्या जागेत, अशी २५६ पॅकेट साचली, तर मागून आलेल्या आवाजाच्या चिमुकल्या पॅकेटला दीड सेकंद ताटकळावे लागते. पॅकेट गहाळ होऊ नयेत म्हणून उत्पादकांनी बफर मोठे केले, आणि त्यामुळे जेकबसन यांच्या शिस्तीला लागणारी गर्दीची खूणच उशिरा पोहोचू लागली. २०१२ मध्ये त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह त्यावरही तोड काढली: रांग किती लांब आहे हे न पाहता पॅकेट किती वेळ थांबले ते पाहावे, आणि १०० मिलिसेकंदांच्या अवधीत ही प्रतीक्षा एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली उतरली नाही तर पॅकेट टाकून द्यायला सुरुवात करावी.

खतावणीची पाळी आणि ही घड्याळाची कसोटी एकत्र करून बनलेली एफक्यू-कोडेल ही पद्धत आज लिनक्सवर चालणाऱ्या अनेक राउटरांत आहे. तिने कॉल तुटणे थांबते, पण तीही मुळात जोडण्याच मोजते. म्हणून तिच्या केक नावाच्या सुधारित रूपात आधी यंत्रांमध्ये वाटणी होते आणि मग प्रत्येक यंत्राच्या वाट्यात त्याच्या जोडण्यांमध्ये. नऊ जोडण्या उघडणाऱ्या लॅपटॉपला आता एकच वाटा मिळतो. तरीही, तीनही यंत्रे एकाच वेळी सुरू असतील तेव्हा फोन, लॅपटॉप आणि टीव्ही बाळगणाऱ्या नातवाचे वाटे तीन होतात, आणि एका फोनवर कीर्तन ऐकणाऱ्या आजीचा एकच.