नरक्या

सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित रानांत उंच झाडांच्या सावलीत वाढणारा लहान वृक्ष. कॅम्प्टोथेसिन या कर्करोगरोधी अल्कलॉइडाचा (वनस्पतीतील नत्रयुक्त द्रव्याचा) भारतातील प्रमुख नैसर्गिक स्रोत. महाराष्ट्रात महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली या पट्ट्यांत, तसेच कर्नाटक, केरळ व श्रीलंकेत आढळतो. फुलांना दुर्गंधी येते. याला अमृता असेही म्हणतात. गुळवेलीच्या त्याच नावाशी गल्लत करू नये.

सध्याचे शास्त्रीय नाव नॉथापोडायटीस निम्मोनियाना. जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ च्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत तो प्रेम्ना प्रजातीत, म्हणजे भलत्याच कुलात, नोंदला गेला होता. पुढे तो मॅपिया फीटिडा व नॉथापोडायटीस फीटिडा झाला. ग्रॅहम यांचे जातिनाम सर्वांत जुने असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञ मॅबर्ली यांनी ते पुन्हा रूढ केले. जुन्या रसायनशास्त्रीय लेखांतील ‘मॅपिया’ म्हणजे हाच वृक्ष. हे ध्यानात न घेतल्यास एकाच झाडाचे आकडे दोन जातींच्या नावे मोजले जातात.

कॅम्प्टोथेसिन प्रथम मिळाले ते मात्र चिनी कॅम्प्टोथेका वृक्षापासून. मन्रो वॉल व मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत १९६६ मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते नरक्यात असल्याचे कळवले. खोडातील प्रमाण साधारणतः ०.१ टक्का धरतात. त्याच्या कितीतरी पट आकडे बहुधा मुळांचे किंवा निवडक झाडांचे असावेत. ०.१ टक्क्याने १ किलो द्रव्यासाठी किमान १ टन सुके लाकूड लागते. निष्कर्षणातील घट वेगळीच.

द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून सुरुवातीच्या चाचण्यांत त्याच्या रेणूतील लॅक्टोन वलय (अणूंचे एक कडे) उघडून पाण्यात विरघळणारे सोडियम लवण देण्यात आले. त्याने परिणामकारकता घटली, मूत्राशयाला इजा झाली आणि १९७० च्या दशकात चाचण्या थांबल्या. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या एंझाइमावरील त्याची क्रिया १९८५ मध्ये उलगडल्यावर संशोधनाला पुन्हा वेग आला. टोपोटेकान व इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्ही वनस्पतिजन्य कॅम्प्टोथेसिनात बदल करून बनवता येतात.

या औषधांसाठीच्या मागणीचा भार रानावर पडला. मुळांत अल्कलॉइड जास्त, म्हणून झाड मुळासकट उपटतात. तुकडे करून वाळवतात व पोत्यांत भरून पाठवतात. बुंधा जमिनीवर राखून तोडले तर खोडाला फुटवे येतात, उपटल्यावर तो मार्ग बंद होतो. फळे धरण्याआधीच झाडे गेली की रोपेही उगवत नाहीत. ढलप्या वा भुकटी झालेला माल नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाने किंवा रासायनिक परीक्षणानेच खात्री होते.

२००५ मध्ये नरक्यातील अंतर्वासी (झाडाच्या आत राहणारे) कवक कॅम्प्टोथेसिन तयार करते असा अहवाल आला, तेव्हा द्रव्याचा खरा उत्पादक कोण हा वाद सुरू झाला. चिनी वृक्षातील अशाच कवकाचे उत्पादन पुढच्या पिढ्यांत घटत गेल्याचे आढळले आहे. त्यामुळे झाडाचा वाटा नाकारता येत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रयोगशाळेत द्रव्याचे पूर्ण संश्लेषणही शक्य आहे. लागवडीसाठी ताजे बी पेरणे श्रेयस्कर मानतात. कोवळ्या रोपांना सावली लागते आणि तोडीयोग्य खोड तयार होण्यास काही वर्षे जातात.