वैद्यकीय ओळखचोरी

दुसऱ्याचे आधार, रेशनकार्ड किंवा विमाकार्ड दाखवून उपचार घेणे, किंवा न झालेल्या उपचारांचे बिल एखाद्याच्या नावावर लावणे, याला वैद्यकीय ओळखचोरी म्हणतात. बँकेतून पैसे गेले की मेसेज येतो. ही चोरी मात्र अनेकदा रुग्ण पुढच्या वेळी दाखल व्हायला जातो तेव्हाच उघडी पडते. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील वर्षाचे ५ लाख रुपये अख्ख्या कुटुंबाचे मिळून असतात. वडिलांच्या नावावर खोटी अँजिओप्लास्टी लागली, तर आईच्या ऑपरेशनला रक्कम अपुरी पडते. शिवाय भलत्याच माणसाचा रक्तगट फाइलला चिकटतो, तो धोका वेगळाच.

मुंबईत परळसारख्या रुग्णालयांच्या परिसरात बाहेरगावचे नातेवाईक गोंधळलेले असतात. ‘फाइल पुढे सरकवतो’, ‘ट्रस्टची खाट मिळवून देतो’ म्हणणारा दलाल पैशांआधी कागद मागतो. वास्तविक धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात; त्यासाठी चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात करायची. योजनेची कागदपत्रे तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, द्यावीत. तो त्याचे पैसे घेत नाही.

सर्वांत कच्चा दुवा झेरॉक्सचा. मूळ कार्ड मशिनच्या काचेखालीच राहते, जादा प्रती दुकानात पडून राहतात. प्रतीवर फोटोला छेदून तिरकी सही करावी आणि रुग्णालय, कारण, तारीख लिहावी. म्हणजे ती दुसरीकडे चालवणे अवघड जाते. चालत असेल तिथे शेवटचे ४ अंकच दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही करू नये. ‘कार्ड अपडेट करा’ म्हणून फोनवर आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल उघडू नये, ओटीपी सांगू नये.

घरी सोडताना बिल ओळीओळीने वाचावे. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) दोन लावले असतील तर फाइलमध्ये त्यांच्या पाकिटांवरचे स्टिकरही दोन स्टेंटचेच हवेत, आणि त्यांवरचे क्रमांक बिलाशी जुळायला हवेत.

पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० वर, आयुष्मान कार्डाचा गैरवापर झाला असेल तर १४५५५ वर तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (66C) नुसार ओळखचोरीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांकडील तक्रारीची प्रत जोडून विमा कंपनीला खोटी नोंद काढायला लेखी कळवावे. एवढ्यावर बहुतेक जण कंटाळतात. पण ती नोंद राहिली, तर पुढच्या दाव्यात तोच ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून पुढे केला जातो.