घोड्यावर बसलेला पहिला चार्ल्स (चित्र)

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं हे भलंमोठं ऑइल पेंटिंग त्याचा दरबारी चित्रकार अँथनी व्हॅन डाइकने साधारण १६३७-३८ मध्ये काढलं, आणि सध्या ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. उंची ३६७ सेंमी आणि रुंदी २९२ सेंमी, म्हणजे साध्या फ्लॅटमध्ये ते उभंसुद्धा राहणार नाही.

चिलखत घातलेला राजा, हातात सेनापतीचा दंड, मागे शिरस्त्राण धरलेला सेवक आणि झाडाला टांगलेली एक पाटी, त्यावर लॅटिनमध्ये 'ग्रेट ब्रिटनचा राजा पहिला चार्ल्स' असं लिहिलंय. खरा चार्ल्स पाच फुटांच्या थोडासाच वर होता, पण व्हॅन डाइकने क्षितिज इतकं खाली ठेवलंय की आपण मान वर करूनच त्याच्याकडे बघतो, आणि माझ्या मते या चित्रातली सगळ्यात मोठी करामत तीच आहे.

पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं, चार्ल्स हरला, जानेवारी १६४९ मध्ये त्याचं डोकं उडवलं आणि पार्लमेंटने त्याचा चित्रसंग्रह विकायला काढला. १६५० मध्ये हे चित्र २०० पौंडांना घेतलं बाल्थझार गर्बियरने, जो आधी चार्ल्सच्याच पदरी होता! १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर त्याने बापाची बरीच चित्रं परत मिळवली पण हे काही मिळालं नाही, ते पुढे पोचलं आताच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला. तिथल्या गिस्बर्ट व्हान कोलेन या व्यापाऱ्याकडून १६९८ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाचा इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा) मॅक्सिमिलियन इमॅन्युएलने ते विकत घेतलं, त्याच सौद्यात रुबेन्सचीही बरीच चित्रं होती.

मग १७०४ ची ब्लेनहाइमची लढाई. इलेक्टर फ्रेंचांच्या बाजूने इंग्लंड आणि ऑस्ट्रियाविरुद्ध लढून हरला, त्याची राजधानी म्युनिक ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेली आणि ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला जोसेफ याने १७०६ मध्ये तिथल्या लुटीतलं हे चित्र ती लढाई जिंकणाऱ्या ड्यूक ऑफ मार्लबरोला भेट दिलं. म्हणजे राजाचं चित्र इंग्लंडात परत आलं खरं, पण राजघराण्याकडे नाही, एका सरदाराच्या ब्लेनहाइम पॅलेसमध्ये. त्या घराण्याकडे ते पावणेदोनशेपेक्षा जास्त वर्षं राहिलं. १८८५ मध्ये आठव्या ड्यूकने विकायला काढल्यावर नॅशनल गॅलरीने सरकारी पैशातून १७,५०० पौंडांना घेतलं, सोबत रफाएलचं एक चित्र ७०,००० ला.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला गॅलरीची चित्रं वेल्समधल्या मॅनॉडच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली, तेव्हा लाकडी खोक्यात उभं ठेवलेलं हे चित्र वाटेतल्या रेल्वे पुलाच्या कमानीखालून जाईना. शेवटी पुलाखालचा रस्ताच खणून खाली केला आणि लॉरी पुढे काढली. १९४५ मध्ये सगळी चित्रं लंडनला परत आली.

पॅरिसच्या लूव्रमधलं याच राजाचं व्हॅन डाइकने काढलेलं चित्र वेगळं आहे, त्यात चार्ल्स घोड्यावरून उतरून उभा आहे, दोघांची गल्लत करू नये.