शूटिंग संपल्यावर घरी कोण जातं? इस्रायल-पॅलेस्टाईनमधल्या स्वतंत्र माहितीपटांची पार्श्वभूमी

इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकच्या रस्त्यांवर दोन प्रकारच्या नंबरप्लेट दिसतात. पिवळी इस्रायली गाड्यांची, आणि पांढऱ्यावर हिरवे आकडे असलेली पॅलेस्टिनी गाड्यांची. पिवळ्या प्लेटची गाडी जेरुसलेमला, तेल अवीवला मोकळेपणानं जाते. हिरव्या प्लेटच्या गाडीला ती मुभा नाही. ‘नो अदर लँड’ या माहितीपटात पॅलेस्टिनी बासेल अद्रा आणि इस्रायली युवाल अब्राहम या दोघांच्या बोलण्यात हा फरक पुन्हा पुन्हा येतो. दोघं एकाच पिढीचे, एकाच सिनेमाचे दिग्दर्शक. पण दिवसभराचं शूटिंग आटोपलं की युवाल आपल्या घरी जेरुसलेमला जाऊ शकतो. बासेलचं घर तिथंच आहे, जिथं दिवसा घरं पाडायला बुलडोझर फिरला तिथं.

हमदान बलाल आणि राचेल सोर यांना धरून चौघांनी, म्हणजे दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली तरुणांनी केलेल्या या सिनेमाला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. कौतुक झालं ते बहुतेक मैत्रीचं. मैत्री खरीच आहे. पण तिथवर पोचायला या प्रदेशातल्या माहितीपटांना शतकाहून अधिक काळ लागला आहे आणि त्या वाटेवर कॅमेरा कुणाच्या हातात होता, चित्रित झालेलं शेवटी कुणाच्या ताब्यात राहिलं, हे पाहिल्याशिवाय त्या मैत्रीचं मोल कळत नाही.

सुरुवातीला कॅमेरा पाहुण्यांच्या हातात होता. १८९७ च्या सुमारास ल्युमिएर कंपनीच्या माणसानं जेरुसलेम स्टेशनातून सुटणारी आगगाडी चित्रित केली, ती आजही पाहायला मिळते. पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल असताना, विशेषतः १९३० च्या दशकात, ज्यू संस्थांनी वर्गणी आणि स्थलांतर वाढावं म्हणून प्रचारपट बनवून घेतले. नांगर, विहिरी, रस्ते बांधणारे तरुण. या चौकटीत अरब शेतकरी आला तर बाजूनं, उंटासोबत, देखावा म्हणून. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, याफातल्या इब्राहीम हसन सिरहान यांनी सौदी राजपुत्राच्या पॅलेस्टाईन भेटीचं चित्रण केलं. पॅलेस्टिनी माणसानं केलेला पहिला सिनेमा म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो आज कुठेही उपलब्ध नाही. १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी विस्थापित झाले, त्यांत सिरहानही होते. पुढे ते लेबनॉनमधल्या शातिला निर्वासित छावणीत राहिले.

१९६७ च्या युद्धानंतर जॉर्डनमधल्या अम्मानमध्ये तिघांनी मिळून पॅलेस्टिनी चित्रपट गट उभा केला: सुलाफा जदल्लाह, हानी जवहरिया आणि मुस्तफा अबू अली. कैरोत छायाचित्रण शिकलेल्या सुलाफा या अरब जगातल्या पहिल्या कॅमेरावुमनपैकी एक. हे काम पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या, छायेतलं होतं, त्यामुळे त्याला काटेकोर अर्थानं स्वतंत्र म्हणता येणार नाही, आणि त्यात प्रचारही भरपूर होता. पण आपल्या माणसांची चित्रं आपण काढायची, हा हट्ट इथं पहिल्यांदा संघटित झाला. १९६९ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांनी पॅलेस्टिनी नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं अशा अर्थाचं विधान केलं होतं. अबू अलींनी १९७४ मध्ये दक्षिण लेबनॉनमधल्या नबातिया छावणीवरच्या हवाई हल्ल्यावर माहितीपट केला आणि नाव ठेवलं ‘दे डू नॉट एक्झिस्ट’. ते अस्तित्वातच नाहीत.

हानी जवहरिया १९७६ मध्ये लेबनॉनच्या डोंगरात शूटिंग करतानाच मारले गेले. १९८२ मध्ये इस्रायली सैन्य बैरुतमध्ये शिरलं आणि त्या धामधुमीत या गटाचा सारा संग्रह नाहीसा झाला. अझ्झा अल-हसन यांनी २००४ मध्ये त्या हरवलेल्या रिळांच्या शोधावरच एक माहितीपट केला. मग २०१७ मध्ये रोना सेला या इस्रायली संशोधिकेनं दाखवून दिलं की बैरुतहून उचललेलं बरंचसं साहित्य इस्रायली लष्कराच्या अभिलेखागारात पडून आहे. ते पाहायला मिळावं म्हणून त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. एका समाजाची चित्रं दुसऱ्या समाजाच्या लष्करी कपाटात, आणि ती तिथं आहेत हे उघड करणारी बाई त्या दुसऱ्याच समाजातली: या सगळ्या इतिहासाचा गुंता मला या एका प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसतो.

इस्रायलमध्ये दूरचित्रवाणी १९६८ मध्ये आली, तीही सरकारी. स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकाची तिच्याशी पहिली मोठी टक्कर झाली ती आमोस गिताईंच्या ‘हाउस’मुळे. विषय एकच घर, पश्चिम जेरुसलेममधलं. १९४८ पर्यंत ते एका पॅलेस्टिनी डॉक्टरांचं. ते निघून गेल्यावर ‘गैरहजर मालमत्ता’ कायद्याखाली सरकारच्या ताब्यात आलं. मग तिथं अल्जेरियाहून आलेलं एक ज्यू जोडपं भाड्यानं राहिलं, आणि शेवटी एका प्राध्यापकानं घर विकत घेऊन मोठं करायला काढलं. त्यावर राबणारे गवंडी आणि पाथरवट पॅलेस्टिनी. गिताई कॅमेरा घेऊन या सगळ्यांकडे जातात आणि जुने मालकही आपलं घर पाहायला येतात. कुणी ओरडत नाही, कुणी भाषण करत नाही. १९८० मध्ये तयार झालेला हा सिनेमा ज्या दूरचित्रवाणीनं करायला सांगितला तिनंच दाखवायला नकार दिला. गिताई त्या घराकडे पुढे दोनदा परत गेले, १९९८ आणि २००६ मध्ये. तीन टप्प्यांत पसरलेलं एका पत्त्याचं असं चरित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

त्याच वर्षी नाझरेथमध्ये जन्मलेल्या आणि बेल्जियममध्ये शिकलेल्या मिशेल ख्लेइफी यांनी ‘फर्टाइल मेमरी’ केला. त्यात दोन बाया आहेत. एक त्यांच्या नात्यातली विधवा, इस्रायली कारखान्यात कपडे शिवणारी, सरकारनं घेतलेल्या जमिनीचा मोबदला घ्यायला काही केल्या तयार नसलेली. दुसऱ्या नाब्लुसच्या कादंबरीकार सहर खलीफा, घटस्फोटित, आपल्याच समाजाच्या रीतींशी भांडणाऱ्या. ख्लेइफींनी व्यापलेल्या जमिनीसोबत घरातल्या पुरुषी सत्तेवरही कॅमेरा रोखला. आधीच्या दशकातल्या बंदूकधारी वीरांच्या चित्रपटांनंतर हे फार धाडसाचं होतं, आणि पुढच्या पॅलेस्टिनी माहितीपटाचं बीज मला इथंच दिसतं.

डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला तोवर व्हिडिओ कॅमेरे स्वस्त झाले होते. १९९३ मध्ये ओस्लो करार झाला आणि त्याच वर्षी इस्रायलमध्ये माहितीपटांना पैसा देणारा एक नवा निधी सुरू झाला. २००० च्या आसपासच्या सिनेमा कायद्यानं अशा निधींना सरकारी पैशाचा पक्का आधार दिला. इस्रायली दिग्दर्शकांची एक पूर्ण पिढी या पैशावर वाढली आणि सरकारवरच टीका करत राहिली. योआव शमीर यांनी चेकपोस्टवर नुसता उभा ठेवलेला कॅमेरा, आवी मोग्राबींनी सैनिकांकडून काढून घेतलेले कबुलीजबाब, राआनान अलेक्झांड्रोविच यांचा २०११ चा ‘द लॉ इन दीज पार्ट्स’. या शेवटच्यात व्यापलेल्या प्रदेशात लष्करी कायदा घडवणारे निवृत्त न्यायाधीश आणि विधी अधिकारी एका टेबलामागं बसतात, त्यांच्या पाठीमागं जुनं चित्रण दिसत राहतं, आणि दिग्दर्शक शांतपणे विचारत जातो की हा निकाल कसा दिला, तो हुकूम कसा काढला. हातात बंदूक असलेला एकही माणूस मुलाखतीत नाही, तरी लष्करी ताब्याची यंत्रणा कागदावर कशी चालते हे इतकं नीट सांगणारा दुसरा सिनेमा माझ्या पाहण्यात नाही.

या निधींमुळे इस्रायली समाजाच्या आतल्या भेगाही पडद्यावर आल्या. डेव्हिड डेरी यांच्या २०१७ च्या मालिकेनं दाखवलं की १९५०-६० च्या दशकांत उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतून आलेल्या ज्यूंना वाळवंटातल्या नव्या गावांत कसं पाठवलं गेलं आणि त्यांच्याविषयी सरकारी कागदांत काय भाषा वापरली गेली. दिमोना, बीरशेबा ही नावं मराठी वाचकाला परकी वाटू नयेत. कोकणातून आणि मुंबईतून गेलेली बेने इस्रायली कुटुंबं याच गावांत वसली, घरात मराठी बोलत राहिली, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक काढत राहिली. ते पुरते ज्यू आहेत की नाहीत असा प्रश्न तिथल्या धर्मपीठानं लग्नांच्या वेळी उभा केला तेव्हा १९६० च्या दशकात त्यांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं. हा धागा माहितीपटांत अजून फार थोडा आला आहे.

एप्रिल २००२ ची, वेस्ट बँकमधली जेनिन निर्वासित छावणी हा या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग. इस्रायली सैन्य तिथं घुसल्यावर झालेल्या लढाईत संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार किमान ५२ पॅलेस्टिनी आणि २३ इस्रायली सैनिक मारले गेले. त्यातून दोन फार वेगळे सिनेमे निघाले. मोहम्मद बाक्री या नामवंत अभिनेत्यानं, जो स्वतः इस्रायलचा नागरिक, उद्ध्वस्त छावणीत जाऊन लोकांचं बोलणं जसंच्या तसं टिपलं. ‘जेनिन, जेनिन’ या त्याच्या सिनेमावर इस्रायलच्या सेन्सॉर मंडळानं बंदी घातली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली. साक्षीदारांचे दावे पडताळून न पाहता दाखवले हा आक्षेप मला पूर्ण गैरलागू वाटत नाही. कत्तल झाल्याचे काही दावे नंतर टिकले नाहीत. पण पुढे जे झालं ते त्या आक्षेपाच्या फार पलीकडचं होतं. सिनेमात काही सेकंद दिसलेल्या एका सैनिकानं बदनामीचा खटला भरला, २०२१ मध्ये लोदच्या न्यायालयानं त्याला १ लाख ७५ हजार शेकेल भरपाई आणि इस्रायलमध्ये प्रदर्शनाला मनाई असा निकाल दिला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. वीस वर्षं एक माणूस एका माहितीपटापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता.

दुसरा सिनेमा जुलियानो मेर-खामिस यांचा ‘अर्नाज चिल्ड्रन’. त्यांची आई अर्ना ज्यू, १९४८ च्या युद्धात ज्यूंच्या पाल्माख दलात होती. वडील पॅलेस्टिनी ख्रिस्ती. पहिल्या इंतिफादाच्या काळात अर्नानं जेनिन छावणीत मुलांसाठी नाट्यगृह उभं केलं आणि त्या तालमी जुलियानो चित्रित करत राहिले. १९९५ मध्ये अर्ना कॅन्सरनं गेली. २००२ च्या लढाईनंतर जुलियानो परतले तेव्हा नाट्यगृह मातीत गेलं होतं. रंगमंचावर राजा व्हायला हट्ट करणाऱ्या मुलांपैकी कुणी लढताना मेलं होतं, आणि एकानं इस्रायली शहरात गोळीबार करून माणसं मारली होती व स्वतःही मेला होता. सिनेमा पुढे-मागे उड्या मारतो, हसरा चेहरा आणि त्याचा शेवट एकामागोमाग दाखवतो. त्यात सफाई नाही, निवाडा नाही. २००६ मध्ये जुलियानोंनी जेनिनमध्ये फ्रीडम थिएटर सुरू केलं आणि ४ एप्रिल २०११ ला त्याच थिएटरजवळ त्यांचा खून झाला.

दरम्यान कॅमेरा गावात राहायला आला होता. २००७ पासून बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेनं वेस्ट बँकमधल्या कुटुंबांना व्हिडिओ कॅमेरे वाटले. बिलइन गावच्या इमाद बुर्नात यांनी तर त्याआधीच, २००५ मध्ये, धाकट्या मुलाच्या जन्मावेळी कॅमेरा घेतला होता. त्याच सुमारास गावच्या ऑलिव्हच्या जमिनीतून इस्रायलचं विभाजक कुंपण जाऊ लागलं आणि दर शुक्रवारी निदर्शनं सुरू झाली. पाच कॅमेरे एकामागून एक फुटले, कधी गोळीनं, कधी मारहाणीत. २००९ मध्ये गाय दाविदी हे इस्रायली दिग्दर्शक या कामात आले आणि ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ आकाराला आला. २०१३ च्या ऑस्करला त्याचं नामांकन झालं. त्याच यादीत शिन बेत या गुप्तचर संस्थेच्या सहा माजी प्रमुखांच्या मुलाखतींचा ड्रोर मोरे यांचा ‘द गेटकीपर्स’ही होता. बुर्नात यांच्या सिनेमाला इस्रायली निधीचा पैसा मिळाला होता, त्यामुळे तो कुणाच्या देशाचा यावर वाद झाला. बुर्नात ठाम होते: हा पॅलेस्टिनी सिनेमा.

‘नो अदर लँड’ या सगळ्याचा वारस. हेब्रॉनच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवरची मसाफेर यत्ता ही गावं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करानं गोळीबार सरावाचं क्षेत्र ९१८ म्हणून जाहीर केली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हजारभर लोकांना हटवण्याचा मार्ग मोकळा केला. सिनेमातला एक प्रसंग आठवतो: ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर इथल्या एका शाळेला भेट देऊन गेले, सात मिनिटं रस्त्यावरून चालले, आणि त्या रस्त्यावरच्या घरांचे पाडकामाचे हुकूम मागं घेतले गेले. बासेलचं कॅमेऱ्यामागं उभं राहणं हे त्या सात मिनिटांच्या शोधातलंच आहे, कुणीतरी पाहावं आणि पाहिल्यानं काही थांबावं.

ते थांबलं नाही. बर्लिन महोत्सवात २०२४ मध्ये पुरस्कार घेताना युवालनं आपल्या दोघांमधली असमानता बोलून दाखवली. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि घरच्यांना घर सोडून दुसरीकडे जावं लागलं. ऑस्कर मिळाला तेव्हाही अमेरिकेत या सिनेमाला वितरक नव्हता. त्याच महिन्यात, मार्च २०२५ मध्ये, इस्रायली वसाहतवाल्यांनी हमदान बलालला त्याच्या गावात मारहाण केली आणि सैनिकांनी त्यालाच ताब्यात घेतलं. मे महिन्यात त्याच भागातलं खल्लेत अल-दबा हे गाव जवळपास सगळं पाडलं गेलं. २८ जुलैला उम्म अल-खैरमध्ये, सिनेमाला मदत केलेल्या औदा हथालीन या शिक्षकाचा गोळी लागून मृत्यू झाला. तो त्या क्षणी शूटिंग करत होता.

गाझात ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे प्रवेश नाही. तिथलं जे काही दिसलं ते तिथल्याच माणसांच्या फोनमधून आणि कॅमेऱ्यांतून. रशीद मशहरावी यांनी गाझातल्या दिग्दर्शकांचे २२ लघुपट एकत्र करून ‘फ्रॉम ग्राउंड झीरो’ दिला. इराणी दिग्दर्शिका सेपिदे फारसी यांनी फातिमा हस्सूना या २५ वर्षांच्या छायाचित्रकाराशी व्हिडिओ कॉलवर बोलत एक सिनेमा केला. कान चित्रपट महोत्सवासाठी त्याची निवड जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी, १६ एप्रिल २०२५ ला, हवाई हल्ल्यात फातिमा कुटुंबातल्या अनेकांसह मारली गेली.

एकत्र काम करण्याची वाट आता दोन्ही टोकांनी आवळली जाते आहे. ‘नो अदर लँड’च्या ऑस्करला इस्रायलच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी सिनेजगतासाठी दुःखाचा क्षण म्हटलं, आणि सरकारवर टीका करणाऱ्या सिनेमांना सरकारी पैसा का द्यायचा हा सवाल मंत्रालय उघडपणे करतं. दुसरीकडे, सांस्कृतिक बहिष्काराची चळवळ चालवणाऱ्या पॅलेस्टिनी मोहिमेनं याच सिनेमावर सामान्यीकरणाचा, म्हणजे इस्रायलशी सारं सुरळीत असल्यासारखे संबंध ठेवण्याचा, ठपका ठेवला, तर मसाफेर यत्ताच्या गावकऱ्यांनी त्याची बाजू घेतली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जगभरच्या हजारो सिनेकर्मींनी अन्यायात सामील असलेल्या इस्रायली चित्रपटसंस्थांसोबत काम न करण्याची प्रतिज्ञा केली. बहिष्कारामागची वेदना मला समजते. तरीही रोना सेला, गाय दाविदी, राचेल सोर यांच्यासारख्यांच्या वाट्याला येणारं थोडं बळ त्यात हरवू नये असं मनापासून वाटतं, कारण बिलइन असो वा मसाफेर यत्ता, गावातल्या माणसाचं चित्रण जगापर्यंत पोचलं त्यात पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीतून रोज ये-जा करणाऱ्या अशा माणसांचाही हात होता.