फोम लावला, तरी कुकरची शिट्टी येणारच

घरातल्या एका खोलीचा स्टुडिओ करायचा म्हटलं की पहिली खरेदी ठरलेली असते: काळा, टोकदार फोम. भिंती भरल्या की ‘खोली साउंडप्रूफ झाली’ असं जाहीर होतं, आणि शेजारच्या कुकरची शिट्टी मायक्रोफोनमध्ये पूर्वीइतकीच खणखणीत येते. फोमचा यात दोष नाही. तो अकूस्टिक ट्रीटमेंटसाठी असतो, साउंडप्रूफिंगसाठी नाही.

साउंडप्रूफिंग म्हणजे आवाज आत-बाहेर जाऊ न देणं. त्याला वजन लागतं. पण भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी सिद्धांतानुसार फायदा सहाएक डेसिबलचाच, म्हणून नुसती जाडी वाढवून भागत नाही. मोठ्या स्टुडिओत चक्क खोलीच्या आत खोली बांधतात. रबराच्या आधारावर वेगळी जमीन, दोन भिंतींमध्ये पोकळी, तीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर). आणि आतली भिंत बाहेरच्या भिंतीला कुठेही टेकू द्यायची नाही. शिवाय फट नको. भिंतीचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या आसपासच थांबते, भिंत कितीही भक्कम असो. त्यामुळे दाराखालची फट आणि एसीच्या पाइपचं भोक आधी बुजवा. आणि हो, हवाबंद खोलीत गायकाला श्वासही घ्यायचा असतो! आवाज न करता ताजी हवा आणण्याचा खर्च अंदाजपत्रकात बहुतेक जण धरतच नाहीत.

ट्रीटमेंटचा संबंध खोलीतल्या आवाजाशी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की जो झणझणाट ऐकू येतो, तो फोम शोषतो. खालच्या सुरांपुढे मात्र दोन इंची फोम हतबल. १० बाय १० फुटांच्या खोलीत लांबी आणि रुंदी दोन्ही ५६ हर्ट्‌झच्या आसपास घुमतात. बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्‌झची; म्हणजे तोच सूर भिंतीजवळ फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास गायब होतो. यावर उपाय कोपऱ्यांतले रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप, म्हणजे खालचे सूर शोषणारे ठोकळे. अंड्यांचे ट्रे दोन्ही कामांत निरुपयोगी.

फक्त निवेदन किंवा पॉडकास्ट करायचं असेल, तर मी पैसे ट्रीटमेंटवर घालेन आणि रेकॉर्डिंग रात्री करेन. ड्रम वाजणार असतील, तर साउंडप्रूफिंगला पर्याय नाही. ते पीओपी आणि रंगाच्या आधीच ठरवावं लागतं, कारण चारही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट गेला की १० बाय १०ची खोली ९ बाय ९ होते.